दोन कॅमेरे, दोन स्वभाव

सोनीचा ए७ फोर (२०२१) आणि फुजीफिल्मचा एक्स-टी५ (२०२२) या दोन मिररलेस कॅमेऱ्यांतला मूळ फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. सोनीचा फुल-फ्रेम सेन्सर सुमारे ३६ × २४ मिलिमीटरचा. फुजीच्या एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. गंमत अशी, की मेगापिक्सेल मात्र छोट्यातच जास्त: ४० विरुद्ध ३३. या आकड्याला भुलण्यात अर्थ नाही. अ‍ॅपर्चर आणि शटरस्पीड सारखेच ठेवले, तर मोठा सेन्सर एकूण अधिक प्रकाश गोळा करतो. म्हणून नाट्यगृहात किंवा संध्याकाळच्या लग्नसमारंभात त्याच्या फोटोंत नॉइज कमी दिसतो. हलत्या माणसाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवण्यातही सोनी सरस.

पक्षी टिपणाऱ्यांचे गणित वेगळे. एपीएस-सीवर ४०० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ६०० मिलिमीटरइतका जवळचा फोटो देते. भटकंतीलाही फुजी सोयीचा: बॅटरीसह सुमारे ५५७ ग्रॅम, सोनी साधारण शंभर ग्रॅमने जड.

खर्चाचा मोठा भाग मात्र पुढे लेन्सवर होतो. सोनीसाठी सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्स भरपूर मिळतात. फुजीसाठी त्यांची निवड तुलनेने थोडी.