न बोलणाऱ्या मुलाची बोलकी चित्रं

वारली चित्र कधी पाहिलंच नाही, अशी गृहिणी आज महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. उशीचे अभ्रे, चहाचे कप, साड्यांचे पदर, एवढंच काय, हॉटेलांच्या भिंतीसुद्धा त्या काडीसारख्या हातापायांच्या माणसांनी भरून गेल्या आहेत. दिवाणखान्यात एखादं तसं चित्र लावलं की घराला कशी छान शोभा येते, असं आपण म्हणतो. पण भगिनींनो, ही चित्रं मुळात शोभेसाठी काढलेलीच नव्हती, हे तुम्हांला ठाऊक आहे का? आणि ती जगभर पोचवणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांनी हातात बोरूसारखी काडी धरली, ती तर शोभेसाठी मुळीच नव्हे.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा वारल्यांचा मुलूख. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. घरं कुडाची. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा आणि वर गेरूचा हात. घरात लग्न निघालं की या भिंतीवर चौक लिहायचा. हो, चौक ‘लिहायचा’! आणि तो लिहायचा मान सवाष्णींचा. तांदूळ वाटून त्याचं पांढरं करायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, झाला कुंचला! चौकोनाच्या मध्यभागी पालघट देवी, तिच्याभोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी, आणि शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते, देवीला बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे पाहा, हे चित्र नुसतं बघण्यासाठी नसून ते देवीला धाडलेलं आवतण आहे. आपण उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढतो ना, त्यातलाच हा प्रकार. त्याखाली कुणी सही करत नाही, आणि पुढच्या लग्नाला सगळं नव्याने लिहिलं जातं.

अशा मुलखात १९३४ साली जिव्या म्हसे जन्मले. लहान वयातच त्यांची आई गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली. तो कुणाशी बोलेना. काही सांगायचं असलं की खाली बसायचा आणि धुळीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. जरा विचार करा, भूक, भीती, आईची आठवण, सगळं त्या धुळीतच! लोक त्याला मुका समजत, पण धुळीतल्या त्या चित्रांमुळे गावात त्याचं नावही झालं.

आता मला एक सांगा, ही भाषा त्या पोराला कुणी शिकवली? चित्रकलेचं पुस्तक नाही की ड्रॉइंगचा तास नाही. त्याच्यापुढे होत्या त्या लग्नघरातल्या सवाष्णी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडले की माणसाचं धड होतं. वर्तुळ म्हणजे चंद्र-सूर्य, त्रिकोण म्हणजे डोंगर, चौकोन म्हणजे देवीची जागा. पिढ्यान् पिढ्या बायकांनी जपलेली ही बाराखडी. बायका ती देवीशी बोलायला वापरत होत्या. जिव्यांनी ती माणसांशी बोलायला घेतली. त्यांच्या कलेचं मूळ शोधायचं तर मला वाटतं ते इथेच सापडेल.

पुढे जिव्या डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी राहिले. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामानिमित्त या भागात आले. लग्नघरातले चौक पाहून ते थक्क झाले. त्यांनी गावातल्या मंडळींना कागद आणि रंग दिले. बायकांनी भिंतीवरचे चौक कागदावर उतरवले. पण त्यांच्या नजरेत भरला तो एक पुरुष, जो लग्न असो नसो, रोजच चित्रं काढत होता.

जिव्यांच्या चित्रांत चौक उरला नाही, सगळं गाव आलं. भातलावणी, मळणी, वारूळ आणि त्यातून निघालेल्या मुंग्यांच्या रांगा, कागदभर पसरलेलं मासे धरायचं जाळं. त्या जाळ्याची बारीक वीण जवळून पाहा, क्रोशाकाम करणाऱ्या बाईलासुद्धा दमायला होईल! मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखा वळत जाणारा नाच, हे तर त्यांचं लाडकं चित्र. माणसं, पाखरं, जनावरं, सगळं रात्रंदिवस हालत असतं आणि हालतं तेच जगणं, असं त्यांचं सांगणं असे. म्हणून तर त्यांच्या चित्रात कुणी स्वस्थ बसलेलं सहसा दिसत नाही.

१९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००३ साली जर्मनीत डुसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या नामवंत इंग्रज कलावंताच्या कामाबरोबर त्यांची चित्रं मांडली गेली. २०११ साली पद्मश्री मिळाली. एवढं होऊनही ते गंजाडलाच राहिले. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांची मुलंही चित्रकार झाली, आणि त्या भागातल्या कितीतरी घरांची चूल आज या चित्रांवर पेटते.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पुरस्कार एकाला मिळाला, तो योग्यच होता. पण ज्या सवाष्णींनी ही बाराखडी सांभाळली, त्यांची नावं कुठे आहेत? बाजारात कला आली तसे चित्रकार म्हणून पुरुष पुढे झाले आणि बायकांची नावं मागे राहिली. आपल्या आज्यांच्या रांगोळ्यांचं, गोधड्यांचं तरी दुसरं काय झालं? तेव्हा वारली चित्र विकत घ्याल तर छापील कापडापेक्षा हातचं घ्या, आणि ‘कुणी काढलंय?’ हे जरूर विचारा. नाव माहीत असणं हेही एक मोल आहे.

मी दुपारच्या शाळेत शिकवते. वर्गात एखादं मूल हमखास असतं, तोंडातून शब्द काढत नाही, पण वहीचं मागचं पान चित्रांनी भरलेलं असतं. घरोघरी त्या पानासाठी बोलणी बसतात. माझं ऐका, रागावण्याआधी ते पान नीट बघा. त्यात काय आहे, कोण आहे, कोण नाही, ते मुलालाच हळूच विचारा.

सुट्टीत हा खेळ करून पाहायला हरकत नाही. मूठभर तांदूळ भिजवून गंधासारखे बारीक वाटा, थोडा डिंक घाला. जाड पुठ्ठ्याला गेरूचा हात देऊन तो वाळू द्या. बांबूची बारीक काडी ठेचून मुलांच्या हाती द्या आणि आज दिवसभरात घरात काय काय झालं ते काढायला सांगा. नमुना मात्र पुढे ठेवू नका. चित्र सुबक आलं नाही तर बिघडलं कुठे? पोर गप्प आहे म्हणून त्याला सांगायचं काही नाही, असं थोडंच आहे!