मनाचें दुखणें आणि शेजारधर्म

घरांत कोणास विषमज्वर झाला, तर दुसऱ्या दिवशीं ती वार्ता आळीभर होते. कोणी पेज करून आणतें, कोणी रात्रीं उशाशीं बसतें, कोणी डॉक्टरांकडे धांवतें. परंतु घरांतील सून रात्रीमागून रात्री जागून काढूं लागली, किंवा परीक्षेस बसणारा मुलगा खोलीचें दार लावून अबोल झाला, म्हणजे तेंच घर एकाएकीं मुकें होतें. 'मुलींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत. चारचौघांत बोलूं नये,' असा वडील मंडळींचा दंडक पडतो. आम्हीं अनेक वर्षें शाळेंत रजेचे अर्ज वाचले. त्यांत ज्वर, कांजिण्या, आत्याबाईंचें लग्न अशीं सर्व कारणें आढळलीं. मनाच्या दुखण्याचें नांव मात्र एकाही अर्जांत आढळलें नाहीं. इतक्या मुलांत तें कोणासच झालें नसेल, हें संभवत नाहीं.

या मौनाचें मूळ शोधण्यास आमचें नागपूरच पुरे आहे. येथील मनोरुग्णालय १८६४ सालचें. ठाणें, पुणें व रत्नागिरी येथील धरून महाराष्ट्रांत अशीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. तेथें रीतसर उपचार होतात. तथापि लोकांच्या तोंडीं 'पागलखाना' हा एकच शब्द बसला, आणि मनाचा रोग म्हणजे त्या भिंतींआड जाणें, अशी समजूत रूढ झाली. त्यामुळें ज्याचें दुखणें कोणी ऐकून घेतल्यानें व वेळेवर उपचार झाल्यानें हटलें असतें, तोही भीतीनें तें लपवितो.

ही भीति कशी कमी होते, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या मुलुखांत, 'संगाथ' या १९९६ सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या संस्थेनें ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम चालविला. त्यांत साध्या कार्यकर्त्यांस शिकवून तयार केलें. ते लोकांत मिसळून विचारपूस करीत व धीर देत. त्रास अधिक असल्यास प्रशिक्षित समुपदेशक आणि रोग बळावलेला असल्यास मनोविकारतज्ज्ञ, अशी पायरीपायरीनें व्यवस्था होती. आरंभीं नैराश्यानें पीडित अशा शंभरांपैकीं सुमारें ४ जणच उपचार घेत. दीड वर्षानें तें प्रमाण २७ वर गेलें. हा वृत्तांत २०१७ सालीं 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. उरलेले ७३ उपचारावांचूनच राहिले, हें खरें. परंतु तेथें औषध कांहीं नवें निघालें नव्हतें, विचारणारें माणूस तेवढें जवळ आलें होतें.

शिकलेल्या घरांनीं ही गोष्ट खेड्यापुरती समजूं नये. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनीं पुण्यांत 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था काढली. तेथें रुग्णांचे आप्त एकत्र बसून परस्परांस आधार देतात. ज्यांनीं घरांतील दुखणें असें चारचौघांत बोलून दाखविलें, त्यांची प्रतिष्ठा गेली असें कोण म्हणेल?

'परंतु शेजारी म्हणजे कांहीं वैद्य नव्हे!' असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायीं शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण असावेत. त्यानें वैद्याची जागा घ्यावयाची नाहीं. पण त्याच्यावांचून चिकित्सा लंगडी पडते. औषध बंद करावयास सांगणारा, अंगारे-धुपारे सुचविणारा, किंवा ऐकलेलें चार घरीं पोंचविणारा शेजारी हा परिचारक नव्हे.

एकत्र कुटुंबास वाटतें, आपल्या घरीं माणसें पुष्कळ. बाहेरच्याचें काय काम? परंतु पंगतीस वीस पानें मांडलीं जात असतांही सुनेस मन मोकळें करावयास जागा नसते. कारण कित्येकदां तिच्या दुःखाचें मूळ त्याच पंगतींत असतें. तिला मैत्रिणीशीं बोलूं द्यावें. समुपदेशकाकडे एकटीस जाऊं द्यावें. तीच गोष्ट विधुर आजोबांची, अविवाहित काकांची आणि स्वयंपाकास येणाऱ्या बाईंचीही. आणि 'लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल,' हा सल्ला तर कोणीच देऊं नये. त्यानें एकाचें दुखणें बरें होत नाहीं, आणि दुसऱ्याचा जन्म मात्र फसवणुकींत जातो.

२९ मे २०१८ पासून अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णास समाजांत राहण्याचा हक्क दिला आहे. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. परंतु कायदा आणि दूरध्वनि यांच्या आधीं घरच्या माणसाचें काम आहे. 'तुला काय होतें?' असें विचारावें, आणि उत्तर संपेपर्यंत उपदेश करूं नये. कोणी जगणें नकोसें झाल्याचें बोललें, तर तें थट्टेवारी नेऊं नये. त्यास एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. ज्वराच्या वेळीं जें आपण न शिकवितां करतों, तेंच येथें करावयाचें आहे.