गाडी जरा बेताने

मंगरूळपीरहून कारंज्याकडे, मानोऱ्याकडे किंवा वाशीमकडे रात्री मोटारसायकलने जाणाऱ्या माणसाला कधी कधी पुढच्या अंधारात दोन हिरवट ठिपके चमकताना दिसतात. ठिपके जागचे हलत नाहीत. गाडी जवळ येते तेव्हा त्यांच्यामागे रोह्याचं भलंमोठं धूड उभं असल्याचं कळतं. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात, तोच आपला रोही. पूर्ण वाढलेला नर दोन क्विंटलांच्या आसपास भरतो. मोटारसायकल आणि तिच्यावरचा माणूस यांचं मिळून वजनही जवळपास तेवढंच होतं. एवढी दोन वजनं वेगात एकमेकांवर आदळली, तर त्यात वाचेल कोण आणि जाईल कोण, हे सांगता येत नाही. म्हणून आजचा विषय जनावरांचा आहे तितकाच माणसांचाही आहे.

जनावर रस्त्यात उभं का राहतं, हे आधी समजून घेऊ. लोक म्हणतात, हॉर्न वाजवला तरी हलत नाही, किती मूर्ख! पण तो मूर्खपणा नव्हे. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत, पडद्यामागे, आरशासारखा एक थर असतो. आलेला प्रकाश तो पुन्हा डोळ्यात परतवतो, म्हणून त्यांना चांदण्यातही चांगलं दिसतं, आणि म्हणूनच ते डोळे आपल्याला चमकताना दिसतात. असा डोळा गाडीच्या झगझगीत दिव्यात दिपून जातो. पुढं काय आहे ते त्या जनावराला उमगतच नाही. शिवाय सशासारख्या, रातव्यासारख्या जिवांना पिढ्यान्‌पिढ्यांची एक सवय आहे. धोका दिसला की दबून, निश्चल बसायचं. कोल्ह्याची नजर चुकते आणि जीव वाचतो. कोल्ह्यापुढं ही युक्ती चालते. ट्रकपुढं चालत नाही.

काळविटाची तऱ्हा वेगळी. तो मोकळ्या माळावरचा प्राणी. पळण्यातच त्याचं सारं रक्षण. गाडी दिसली की तो पुष्कळदा तिच्या बाजूनं धावू लागतो आणि मग एकाएकी पुढून आडवा जातो. एक गेला म्हणजे संपलं असंही नाही. कळप असेल तर मागचे त्याच वाटेनं उड्या घेत येतात. हेच रोह्यांचं, हेच रानडुकरांचं. पहिलं जनावर सुखरूप गेल्यावर ज्यानं वेग वाढवला, त्याची गाठ दुसऱ्याशी पडते.

मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसात बेडूक रस्त्यावर येतात, त्यांच्या मागं साप येतात. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत उबदार राहतं, त्या उबेला घोणससुद्धा पसरून पडते. उन्हाळ्यात नाले आटले की उरलेल्या डबक्याकडे जनावरं दिवेलागणीला निघतात, आणि आपणही नेमके त्याच वेळी बाजाराहून घरी निघतो. यात आपला एक हातभार आहे, तो बोलून दाखवायला हवा. आपण सोयाबीन, तूर डांबरी रस्त्यावर वाळत घालतो. सांडलेल्या दाण्यांवर होले, तितर, वानरं उतरतात. त्यातलं एखादं चाकाखाली येतं, मग ते खायला कोल्हा येतो, घार येते, आणि तीही तिथंच मरतात.

आता थोडं गणित. शिक्षकमंडळींनी हे फळ्यावर मांडून दाखवावं, मुलांना चटकन कळेल. ताशी 36 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात बरोबर 10 मीटर जाते. ताशी 72 वेगाची 20 मीटर जाते. समोर काही दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि ब्रेकवर पाय पडला, यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे पहिली गाडी ब्रेक लागण्याआधीच 15 मीटर पुढं जाते, दुसरी 30 मीटर. ब्रेक लागल्यावर मात्र वेग दुप्पट असेल तर थांबायला चौपट अंतर लागतं. चांगल्या कोरड्या रस्त्यावर पहिलीला सुमारे 7 मीटर, दुसरीला 28. बेरीज करा. एक गाडी 22 मीटरांत उभी राहते, दुसरी 58 मीटरांत. आणि खाली केलेल्या दिव्याचा उजेड जेमतेम 40 ते 50 मीटर पडतो. म्हणजे दुसरा गाडीवाला, दिव्यानं जे दाखवलं त्याच्याही पलीकडे जाऊन थांबणार. जनावर 45 मीटरांवर असेल, तर त्याला धडकताना या गाडीचा वेग अजून ताशी 50 च्या जवळपास असतो. पहिली गाडी केव्हाच अर्ध्या वाटेत उभी राहिलेली असते.

तुम्ही म्हणाल, घाई असते. असते खरी. पण ओढा, झुडपी रान, गवताळ पडीक असा धोक्याचा तुकडा वाटेत पाच किलोमीटरांचा धरू. तो ताशी 60 नं पाच मिनिटांत सरतो आणि 40 नं साडेसात मिनिटांत. फरक अडीच मिनिटांचा. एवढा वेळ आपण पानठेल्यावर सुट्या पैशांची वाट पाहण्यात घालवतो.

मोठ्या रस्त्यांवर यावर काही उपाय झाले आहेत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच पुलांवर उचलला. 2019 साली भारतीय वन्यजीव संस्थेनं त्या पुलांखाली कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. त्यांत वाघही होते. आपल्या तालुक्यात शेलूबाजारला ज्या समृद्धी महामार्गाचा फाटा आहे, त्यावरही जनावरांसाठी वाटा बांधल्या आहेत. उलट, अशी सोय नसलेल्या जागी काय होतं ते 2017 च्या डिसेंबरात दिसलं. नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ, बोरच्या जंगलातला ‘बाजीराव’ हा वाघ रात्री गाडीची धडक बसून मेला. सारा विदर्भ त्यावर हळहळला. ससा, साळिंदर, घोरपड रोज मरतात, त्यांना नाव नसतं.

आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे, ते 2000 साली जाहीर झालं. क्षेत्र अवघं 18 चौरस किलोमीटर. काळविटाला ती हद्द कोणी वाचून दाखवलेली नाही. तो चरत चरत शेतात येतो, रस्ता ओलांडतो. गावोगावच्या साध्या रस्त्यांना खालून वाट नाही आणि कडेला भिंतही नाही. तिथं जनावर वाचेल ते फक्त गाडीवाल्याच्या हातून.

शेतकरी बांधव इथं रागावतील. रोही आणि डुकरं रात्रीतून उभी तूर आडवी करतात, जागल करून डोळे चुरचुरतात, आणि तुम्ही त्यांच्यासाठी गाडी हळू करायला सांगता! राग खोटा नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागायचा हक्क आहे, तो जरूर बजावावा. पण रस्त्यात रोही मेला म्हणून तूर वाचत नाही, आणि त्याच्यावर आदळून पडलेला पोरगा बहुधा शेतकऱ्याच्याच घरचा असतो.

वेग कमी केला की आणखी एक होतं. रस्ता दिसू लागतो. फाल्गुनात धुऱ्यावरचा पळस, तारेवरचा नीलपंख, माळातून येणारी तितराची हाक, या साऱ्या आपल्याच गावच्या गोष्टी. बैलगाडीत बसून आपल्या आजोबांना त्या सहज भेटत. बिरबलनाथांच्या यात्रेला, दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याला माणसं आली ती याच वाटांनी, रमतगमत. आता आपण ऐंशीच्या वेगानं जातो आणि मैलाचा दगडसुद्धा वाचत नाही.

जनावर दिसलं तर दिवा खाली करा, वेग उतरवा, त्याला जाऊ द्या, आणि मागून आणखी येतं का ते पाहा. एकदम हँडल वळवू नका. गाडी खंतीत जाते. जखमी जनावर सापडलं तर हात न लावता वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. शाळांनी एक वही ठेवावी. कुठल्या मैलाजवळ, कोणत्या तारखेला, कोणतं जनावर मेलेलं दिसलं, एवढंच त्यात लिहावं. पोरांनी रस्त्यात मात्र उतरायचं नाही. जातायेता कडेनं दिसलं तेवढंच टिपायचं. एका पावसाळ्यात नि एका उन्हाळ्यात कळून येईल की त्याच दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा येतात. ती वही घेऊन सरपंच आणि गुरुजी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेले, तर वेगमर्यादेची पाटी नेमकी कुठं रोवायची, हे बोट ठेवून दाखवता येईल.