कालवांच्या बाळांना विरजण

दह्याचे विरजण चांगल्या घरचे आहे ना, याची चौकशी आपल्याकडे सोयरीक जमवावी तितक्या बारकाईने होते. चांगल्या जंतूंनी आधी जागा अडवली की वाइटांना शिरकाव मिळत नाही, हे आपल्या आज्यांना ‘जंतू’ हा शब्द न वापरताही ठाऊक होते. तेच शास्त्र आता कालवांच्या पिल्लांसाठी वापरू लागले आहेत!

ओहोटीला खडकावरून फोडून आणलेली कालवे कोकणातल्या माणसाला नवी नाहीत. पण कालवालाही बालपण असते, हे पानावर बसल्यावर कोणाच्या मनात येणार? एक मादी लाखो अंडी सोडते. त्यांतून निघालेली पिल्ले डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढी. ती दोन-तीन आठवडे पोहतात आणि मग एखाद्या शिंपल्यावर कायमचे बिऱ्हाड करतात. समुद्रात त्यांतली बहुतेक वाचत नाहीत, म्हणून ती हॅचरीतल्या टाक्यांत वाढवतात. ही विद्या पुष्कळशी अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या मिलफर्डच्या सरकारी प्रयोगशाळेत घडली. तिथे व्हिक्टर लूसानॉफ यांनी पाणी ऊबदार ठेवून भर हिवाळ्यात कालवांना अंडी घालायला लावले.

पण टाकी म्हणजे ऊब, अन्न आणि गर्दी. रोगजंतूंना आणखी काय हवे? आज तरंगणारी पिल्ले एक-दोन दिवसांत तळाशी गाळ होऊन पडतात आणि हंगामाची मेहनत मोरीत ओतावी लागते. १९६५ साली मिलफर्डच्याच हॅस्केल ट्यूबियाश व सहकाऱ्यांनी या मरीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८४ साली अशा एका जंतूला ‘व्हिब्रिओ ट्यूबियाशी’ हे नावच मिळाले. मारेकऱ्याला आपले नाव लागणे हा गौरव मोठा विचित्रच! पटकीचा जंतूही याच व्हिब्रिओ घराण्यातला.

प्रतिजैविके द्यावीत, तर जंतू निर्ढावतात. म्हणून मिलफर्डच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या कालवांच्या पोटातूनच ‘ओवाय १५’ हा उपकारक जंतू शोधला. गंमत म्हणजे तोही व्हिब्रिओच. काट्याने काटा काढावा तसे हे झाले. ऱ्होड आयलंड विद्यापीठात दोन जंतू निवडले. एक निरोगी कालवाच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूस सापडलेला, तर दुसरा समुद्री स्पंजातला. २०१३ साली त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिला जंतू पृष्ठभागावर चिकट थर धरतो आणि शत्रूला मारक असे आम्लही तयार करतो. पिल्लांना हे जंतू आधी देऊन मग रोगजंतू सोडले, तेव्हा पुष्कळ अधिक पिल्ले वाचली.

मात्र हे देवीच्या लशीसारखे एकदा टोचून भागत नाही. पाणी बदलले की पाहुणे वाहून जातात आणि त्यांचे संरक्षणही ओसरते. म्हणून हॅचरीत रोज ताजा डोस टाकीत घालावा लागतो, पिल्ले शिंपल्याला चिकटेपर्यंत.