गाडी डावीकडे का ओढते?

मंडळी, आजचा विषय जरा पोरकट वाटेल. रिमोटवर चालणारी गाडी. माझ्या नातवाची आहे, एकास दहा मापाची. भातझोडणी आटोपली की आमच्या महाडकडच्या खळ्यावर आम्ही ती पळवतो. गेल्या खेपेला ती सारखी डावीकडे ओढत होती. नातवानं रिमोटवरचं ट्रिम थोडं उजवीकडे दिलं. गाडी सरळ! "झालं, आजोबा." मी म्हटलं, थांब.

ट्रिम काय करतं? पुढची चाकं किंचित उजवीकडे वळवून ठेवतं, एवढंच. मूळ दोष जागच्या जागी. म्हणूनच हळू चालवताना सरळ जाणारी गाडी जोर दिल्याबरोबर पुन्हा भरकटली.

मग ट्रिम शून्यावर आणलं, बॅटरीसकट गाडी कडाप्प्यावर ठेवली. आधी उंची पाहिली. शॉकवरची कॉलर फिरवली की गाडी वर-खाली होते. त्यानं स्प्रिंग कडक होते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, कडक हवी तर स्प्रिंगच बदलावी लागते. मग कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल. वरची बाजू एक-दोन अंश आत झुकलेली बरी, कारण वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाक नीट टेकतं. त्यासाठी टर्नबकल असतो. त्याच्या एका टोकाला उलटे आटे असल्यामुळे न काढता, जागेवरच फिरवून लांबी बदलते. छान युक्ती आहे ही!

नातवाला सगळं एकदम फिरवायचं होतं. त्याला जॉन स्टुअर्ट मिल सांगितला. (हसतो) १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात त्यानं भेदाची पद्धत मांडली: दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असेल, तरच परिणामाचं कारण तिच्यात शोधता येतं. म्हणून एक फेरी, एक बदल.

चौथ्या फेरीनंतर दोष सापडला, आणि तो मागे होता. वरून पाहताना चाकांची पुढची कड आत वळलेली असते त्याला टो-इन म्हणतात. मागच्या चाकांना दोन-तीन अंश असतं, गाडी स्थिर राहते. पण दोन्हीकडे सारखं हवं. आमचं मागचं डावं चाक जास्त आत होतं. आर्मची पिन वाकलेली. ते चाक गाडीचा मागचा भाग उजवीकडे ढकलतं, त्यामुळे नाक डावीकडे जातं. पुढच्या चाकांचा बिचाऱ्यांचा काही संबंधच नव्हता.

आता माझी कबुली. माझी मोठी गाडीसुद्धा कित्येक महिने डावीकडे ओढत होती. मी स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून चालवायचो, रस्त्यालाच दोष द्यायचो. म्हणजे ट्रिमच की! महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलो, पंक्चरवाल्यानं टायर दाखवला. आतल्या कडेला तारा दिसत होत्या. मागच्या सीटवर नातू झोपला होता.

तेव्हापासून अलाइनमेंटला गेलो की चारही चाकं मोजायला सांगतो, आणि निघताना मोजमापाचा कागद मागून घेतो.