मात्रेचा विवेक : बालकांच्या न्यूरोब्लास्टोमावरील उपचार



अंबरपेठेतील या स्नेहमेळ्यात मी लहान मुलांच्या कर्करोगाविषयी बोलावे, हे काहींना खटकेल. परंतु या विषयात दडलेला एक विचार प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. रोग भयंकर म्हणून औषधही तितकेच जहाल, हे समीकरण नेहमी खरे नसते.

न्यूरोब्लास्टोमा हा बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होणारा रोग. गर्भात चेतासंस्था घडत असताना ज्या पेशींनी पक्व व्हावयाचे, त्यांपैकी काही अपक्वच राहून वाढू लागतात. गाठ पुष्कळदा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत, तर कधी कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या साखळीत उद्भवते.

या रोगाचे वैचित्र्य विलक्षण आहे. १९७१ साली डँजिओ, इव्हान्स आणि कूप या अमेरिकेतील वैद्यांनी काही तान्ह्या बालकांचे वर्णन केले. त्यांचा रोग यकृत, त्वचा व अस्थिमज्जा यांत पसरलेला होता. तरीही त्यांचे भवितव्य चांगले होते. अशा बालकांतील गाठी पुष्कळदा आपोआप विरून जातात. उलट, तीन-चार वर्षांच्या मुलात हाच रोग पसरला, तर तो सर्व उपायांना दाद न देण्याइतका उग्र होऊ शकतो.

जपानने १९८५ पासून सहा महिन्यांच्या बालकांची लघवी तपासून हा रोग लवकर हुडकण्याची देशव्यापी मोहीम चालविली. निदाने वाढली. परंतु जर्मनी व कॅनडा येथील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा तपासणीमुळे मृत्यू घटल्याचे आढळले नाही. ज्या गाठी आपोआप जिरल्या असत्या, त्याच अधिक सापडत होत्या आणि त्यांपायी निरोगी राहू शकणाऱ्या बालकांवर उपचार होत होते. २००४ साली जपानने ती मोहीम थांबविली.

मग सौम्य कोणता आणि उग्र कोणता, हे ओळखावे कसे? बालकाचे वय (दीड वर्ष ही महत्त्वाची सीमा), रोगाचा प्रसार, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पेशींचे रूप आणि गुणसूत्रांतील बदल यांवरून. १९८० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, ‘एमवायसीएन’ या जनुकाच्या प्रती पेशीत अनेक पटींनी वाढल्या असतील, तर रोग उग्र असतो. २००९ साली या सर्व निकषांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी प्रसिद्ध झाली.

अल्प धोक्याच्या बालकास केवळ शस्त्रक्रिया, तर कित्येकदा नुसती देखरेखही पुरते. मध्यम धोक्याच्या ४७९ बालकांवर १९९७ ते २००५ या काळात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. पूर्वीपेक्षा औषधे कमी करून, अनुकूल लक्षणांच्या बालकांना चार व इतरांना आठ आवर्तने देण्यात आली. तीन वर्षांनंतर शेकडा ९६ बालके हयात होती.

कमी औषधाचे एवढे अप्रूप का? कार्बोप्लॅटिनने श्रवणशक्ती क्षीण होऊ शकते, डॉक्सोरुबिसिनने हृदय दुबळे होऊ शकते, इटोपोसाइडमुळे क्वचित पुढे रक्ताचा कर्करोगही उद्भवतो. वाचलेल्या बालकापुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते. त्याला वर्गात गुरुजींचे बोलणे ऐकू आले पाहिजे.

तथापि सौम्यता हा सरसकट नियम नव्हे. उच्च धोक्याच्या गटात हात आखडता घेणे घातक ठरते. तेथे तीव्र रसायनोपचार, शस्त्रक्रिया, स्वतःच्याच मूळपेशींचे पुनर्रोपण, किरणोपचार आणि प्रतिपिंडांचे उपचार असा दीर्घ क्रम लागतो. इतके करूनही जवळजवळ निम्मी मुले दगावतात. असे उपचार महाग व कष्टाचे असतात, म्हणून ते अर्धवट सोडण्याचा मोह होतो. तो टाळावा.

आपल्या शहरात रेड हिल्स येथे एम. एन. जे. हे सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. मुलाचे पोट एका बाजूस टणक लागले, कारणावाचून हाडे दुखू लागली, डोळ्यांभोवती निळसर वळी उमटली, तर विलंब न करता वैद्याला दाखवावे. आणि निदान झालेच, तर ‘सर्वांत जोरदार औषध द्या’ असा आग्रह धरण्यापूर्वी पालकांनी विचारावे : माझे मूल धोक्याच्या कोणत्या गटात आहे, आणि ते ठरविण्यासाठी लागणाऱ्या सर्व तपासण्या झाल्या आहेत काय? उपचारांची मात्रा या उत्तरावरच ठरावयाची असते.