फुकाकुसाच्या मैदानापासून

क्योतोला स्वतःचा विमानतळ नाही. तिथे जायचं तर इतामीला नाहीतर कानसाईला उतरायचं आणि पुढे गाडी धरायची. तरीही वाऱ्याशी झगडत उतरणाऱ्या विमानांचा मागोवा मला क्योतोपासूनच घ्यावासा वाटतो. 4 मे 1913 रोजी ताकेइशी कोहा हा तरुण वैमानिक ओसाकाहून निघून क्योतोच्या फुकाकुसा कवायत मैदानावर उतरत होता. अमेरिकेत विमान चालवायला शिकून तो मायदेशी आला होता. खाली माणसं डोळे लावून उभी होती. उतरतानाच विमान आदळलं आणि तो गेला. जपानच्या नागरी विमानोड्डाणातला हा पहिला बळी. त्याआधी 28 मार्चला तोकोरोझावाजवळ वाऱ्याच्या झोताने पंख मोडून किमुरा आणि तोकुदा हे दोन लष्करी अधिकारी ठार झाले होते.

या मृत्यूंनी निनोमिया च्युहाची नावाचा माणूस फार अस्वस्थ झाला. पंख न हलवता तरंगणारे कावळे पाहून त्याने 1891 साली रबराच्या पिळावर चालणारं कावळ्याच्या घाटाचं छोटं विमान उडवलं होतं. माणूस बसेल असं विमान बांधायला लष्कराने मदत नाकारली. औषधांच्या धंद्यात पैसे जमवून आपणच बांधू, असं म्हणेपर्यंत राईट बंधू उडाल्याची बातमी आली आणि त्याने तो ध्यास सोडला. पण उडणारी माणसं मरत होती, हे काही त्याच्या मनातून जाईना. 1915 साली क्योतो प्रांतातल्या यावाता गावी, आपल्या घराच्या आवारात, त्याने उड्डाणात गेलेल्यांसाठी देऊळ उभारलं. हिको जिंजा त्याचं नाव. आज तिथली कमान ड्युरॅल्युमिनची, म्हणजे विमानाच्याच धातूची आहे. ज्याचं स्वप्न दुसऱ्यांनी पुरं केलं, त्याने त्या दुसऱ्यांच्या मरणाची काळजी वाहिली. इतकं मोठं मन मी क्वचितच पाहिलं आहे.

पुढच्या साठ वर्षांत विमानं अवाढव्य झाली. वादळाजवळचा वारा मात्र कोडंच राहिला.

24 जून 1975, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ. धावपट्टीच्या तोंडाशी गडगडाटी ढग. ईस्टर्न कंपनीच्या एका वैमानिकाला उतरताना विमान खाली खेचलं जातंय असं जाणवलं. त्याने उतरणं सोडलं, वर चढला आणि नेवार्कला निघून गेला. जाताना नियंत्रकाला कळवलंही. त्याच्यामागची दोन विमानं सुखरूप उतरली. त्यानंतरचं ईस्टर्न 66 धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. 113 माणसं गेली.

कोडं सोडवलं तेत्सुया फुजिता यांनी. हे मूळचे क्यूशूचे, शिकागोत काम करणारे. 1945 साली नागासाकीत त्यांनी स्फोटाच्या मध्यापासून चहूकडे झुकलेली झाडं पाहिली होती. 1974 च्या टोर्नेडोंनंतर विमानातून पाहणी करताना तशीच झाडं पुन्हा दिसली. त्यांनी ताडलं की ढगातून थंड हवेचा लोट खाली येतो आणि अंगणात बादली उपडी करावी तसा जमिनीवर आपटून पसरतो. अनेक हवामानतज्ज्ञांना हे पटेना. 1978 साली शिकागोजवळ रडारने तो लोट पकडला तेव्हा शंका मिटत गेली.

त्या लोटातून उतरणारं विमान आधी समोरच्या वाऱ्यात शिरतं. वेग वाढतो, विमान उचललं जातं, म्हणून वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. दुसऱ्याच क्षणी वरून दाब येतो आणि लगेच वारा पाठीमागून वाहू लागतो. पंखांवरून जाणारी हवा आटते, विमान खचतं. जमीन तर शे-दीडशे मीटरवर आलेली असते! हाताचा वेग इथे कामी येत नाही. ढग आधी ओळखून बाजूला होणंच कामी येतं. 1985 साली डॅलसला हेच घडलं. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांमध्ये इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. इशारा झाला की पूर्ण जोर लावून वर. वैमानिकांच्या बोलीत गो-अराउंड. विमान ठरल्या वेगात, ठरल्या उतारावर नसेल तर तेव्हाही तेच.

कानसाई विमानतळ 4 सप्टेंबर 1994 रोजी समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर सुरू झाला. बरोबर 24 वर्षांनी, त्याच तारखेला, जेबी वादळ आलं. समुद्र धावपट्टीवर चढला, एक टँकर पुलावर आदळला आणि हजारो माणसं बेटावर अडकली. विमानं आधीच थांबवली होती, म्हणून आकाशात कुणी अडकलं नाही.

आपल्या कोझिकोडला 7 ऑगस्ट 2020 च्या रात्री पाऊस होता. हवाईदलातून आलेले कॅप्टन दीपक साठे यांनी पहिल्यांदा उतरणं सोडून दिलं होतं. दुसऱ्या खेपेला वारा पाठीमागून होता. जवळपास निम्मी धावपट्टी सरल्यावर चाकं टेकली आणि विमान पुढच्या उतारावरून खाली गेलं. साठे आणि सहवैमानिकासह 21 जण दगावले. उतरणं स्थिर नव्हतं, तरी पुन्हा वर जाणं झालं नाही, असं चौकशी अहवाल सांगतो. तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नेवार्कला निघून गेलेला तो वैमानिक येत राहतो.

यावाताच्या देवळात दरवर्षी 29 एप्रिलला उत्सव असतो. निनोमियाचा कावळा उडाला होता ती ही तारीख.